म्हाताऱ्यांचें नवें बिऱ्हाड

गेल्या पंधरवड्यांत एके रात्रीं आमच्या घरची सर्व मंडळी एक इंग्रजी चित्रपट पाहावयास बसली. घरांतल्या घरांत चित्रपट पाहण्याची सोय झाल्यापासून आम्ही चित्रपटगृहाची पायरी चढलों नाहीं, हें येथें कबूल करितों. चित्रपटाचें नांव 'द सेकंड बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'. जॉन मॅडन ह्यांनीं दिग्दर्शित केलेला हा उत्तरार्ध २०१५ सालीं निघाला, पूर्वार्ध लोकांसमोर आला तो २०१२ सालीं. निवड नातीची. "आजोबा, तुमच्या वयाच्या लोकांचा सिनेमा आहे," असें ती म्हणाली. आमचें वय सहासष्ट. चित्रपटांतील दोन मुख्य नट्या, जूडी डेंच आणि मॅगी स्मिथ, ह्या दोघीहि १९३४ च्या डिसेंबरांत जन्मलेल्या, म्हणजे उत्तरार्धाच्या वेळीं ऐंशी वर्षांच्या. परंतु सोळा वर्षांच्या मुलीस सहासष्ट आणि ऐंशी ह्यांतील अंतर दिसावें तरी कसें!

ज्या वाचकांनीं पूर्वार्ध पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांतील कांहीं वृद्ध स्त्रीपुरुष, कोणी पतीच्या कर्जापायीं राहतें घर विकून बसलेली विधवा, कोणी कमरेच्या दुखण्यानें जेरीस आलेली दासी, कोणी संसाराला विटलेला सरकारी नोकर, असे जयपुरास एका पडक्या वाड्यांत येऊन राहतात. वाड्याचा चालक सनी हा उत्साही तरुण पंचविशीच्या आंतबाहेरचा. दुसऱ्या देशांना आपलीं म्हातारीं माणसें नकोशीं झालीं असतील तर तीं आपण सांभाळावीं, असा त्याचा धंदा. मूळ कथा डेबोरा मॉगक ह्या लेखिकेची २००४ सालची कादंबरी. तींतील वृद्धाश्रम बंगळूरचा, चित्रपटानें तो राजस्थानांत नेला. चित्रणाचा वाडा मात्र जयपूरचा नसून उदयपुराकडील खेमपूर गांवचा आहे. रंग, उंट, रिक्षा आणि लग्नाची वरात ह्यांची जी गर्दी पडद्यावर उसळते ती पाहून आमच्या चिरंजीवांनीं "हा साहेबाचा भारत," असा शेरा मारला. तो अगदींच खोटा नव्हे. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट हे चित्रपट सांगत नाहींत. इंग्लंडचें सरकारी निवृत्तिवेतन तेथें राहणाऱ्यास वर्षावर्षास वाढवून मिळतें. तेंच घेणारा भारतांत येऊन राहिला कीं त्याची वाढ खुंटते. स्वस्ताईसाठीं आलेल्या मनुष्यास दहा वर्षांनीं ही स्वस्ताई कितपत पुरेल, हा हिशेब कोणी मांडलेला दिसला नाहीं.

उत्तरार्धाची गंमत निराळी. आतां हीं माणसें पाहुणीं राहिलेलीं नाहींत. वाडा भरला आहे, एकच खोली रिकामी आहे, आणि सनीला दुसरा वाडा काढावयाचा आहे. भांडवल मागण्यासाठीं तो आणि ती दासी, म्युरिएल, अमेरिकेस जातात. तेथें कोमट पाणी आणि शेजारीं चहाची पुडी ठेवून देतात म्हणून म्युरिएल जो संताप करिते, त्या ठिकाणीं आमचें कुटुंब इतकें मनापासून हंसलें कीं सूनबाईंनीं उठून आधण ठेवलें. परत आल्यावर एक अमेरिकन पाहुणा उतरतो. हाच भांडवलवाल्यांचा गुप्त निरीक्षक, अशी सनीची समजूत होते, आणि त्याच्या सरबराईंत तो स्वतःच्या लग्नाचाहि विचका करूं लागतो. पाहुणा सनीच्या विधवा आईकडे ओढला जातो, तेव्हां मुलाच्या चेहऱ्यावर जें दिसतें तें पुष्कळ सुशिक्षित घरांत पाहावयास मिळेल. ज्या समाजांत धोंडो केशव कर्वे ह्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, त्या समाजासहि ही अडचण अजून पुरतेपणीं सुटलेली नाहीं, एवढेंच म्हणतों आणि पुढें जातों.

कर्व्यांचें नांव निघालें तें बरें झालें. आमच्या पिढीच्या मनांत म्हातारपण म्हटलें कीं वानप्रस्थ उभा राहतो. सुरकुत्या, पिकले केस आणि नातवाचें मुख दिसलें कीं अरण्य धरावें, असें मनूचें सांगणें. रघुवंशांतील रघूनें तेंच करूं म्हटलें. पण अजानें पायांवर डोकें ठेवून अश्रु ढाळले, तेव्हां तो वनांत न जातां नगराबाहेर राहिला, आणि टाकलेलें राज्य मात्र त्यानें पुन्हा उचललें नाहीं. ही तडजोड आम्हांस फार गोड वाटत आलेली आहे. निवृत्तीच्या दिवशींच्या सत्कारांत आम्ही तीच सांगितली होती. आणि कर्वे? फर्ग्युसन महाविद्यालयांतून निवृत्त झाल्यावर, १९१६ सालीं, अठ्ठावन्नाव्या वर्षीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. १९२९ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं तें कार्य पाठीशीं घेऊन ते युरोप, अमेरिका आणि जपान ह्यांच्या प्रवासास निघाले. अठ्ठावन्न हेंच आमच्या निवृत्तीचें वय. रघूचा दाखला देतांना कर्व्यांचा दाखला आम्हांस आठवला नाहीं, कीं आठवून सोईस्करपणें बाजूस ठेवला, हें त्या रात्रीपर्यंत आम्हीं स्वतःस विचारलें नव्हतें.

विचारावयास लावलें दोन प्रसंगांनीं. पहिला हजेरीचा. त्या वाड्यांत रोज सकाळीं सनी वृद्धांचीं नांवें पुकारतो आणि जो तो आपण असल्याचें सांगतो. रात्रींत कोणी गेलें तर नाहीं, एवढेंच त्यास पाहावयाचें असतें. सगळें घर हंसलें. आम्हीहि हंसलों, परंतु चौतीस वर्षें आम्हीं मुलांची हजेरी घेतली, आणि आतां सूनबाई सकाळीं चहाचा पेला ठेवतांना "मामंजी, उठलांत का?" असें ज्या स्वरांत विचारतात, तो स्वर अचानक ओळखीचा वाटला.

दुसरा प्रसंग डग्लस नांवाच्या गृहस्थाचा. तो प्रवाशांना जुन्या इमारती दाखवून पोट भरतो, पण सनावळ्या त्यास आठवत नाहींत. म्हणून कानांत एक यंत्र घालून, लांब उभ्या असलेल्या लहान मुलाकडून तो माहिती ऐकतो आणि तीच प्रवाशांस ठासून सांगतो. मुलाचें लक्ष उडालें कीं साहेबाचें व्याख्यान अडतें. ह्या ठिकाणीं आम्हांस हंसूं आलें नाहीं.

वाचकांस खरें तें सांगितलें पाहिजे. न्यू जर्सी येथें स्थायिक झालेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें चार महिन्यांपूर्वीं विनंती केली होती कीं, तिकडच्या आठ-दहा मराठी मुलांना गुरुजींनीं संगणकावरून मराठी शिकवावें. आमची रविवारची सकाळ म्हणजे त्यांची शनिवारची संध्याकाळ, आठवड्यास एकच तास. आम्हीं नकार कळविला. विद्या समोरासमोर द्यावी, पडद्यांतून नव्हे, असें कारण लिहिलें, आणि घरींहि तेंच सांगितलें. तें कारण नव्हतें. गेल्या गणेशचतुर्थीस अथर्वशीर्ष म्हणतांना, जें आम्ही आठव्या वर्षापासून म्हणत आहों, मध्येंच सर्व कोरें झालें. पुढचा शब्द दाराआडून नातीनें हळूच सांगितला. आम्हीं खोकल्याचें निमित्त केलें; पंगतीस बसलेल्या कोणासहि तें कळलें नाहीं, अशी आमची समजूत होती. परक्या देशांतील मुलांपुढें तसें झालें तर दाराआड कोण असणार, ही ती भीति.

चित्रपट पुढें गेला. म्युरिएल आपलें दुखणें कोणास न सांगतां कामें उरकीत राहते. डग्लस आणि ती विधवा एव्हलिन एकमेकांस मनांतलें सांगावयास भितात, आणि एव्हलिनला त्या वयांत कापडखरेदीची मोठी नोकरी येते तेव्हां ती आपलें वय सांगते, एकोणऐंशी. लग्न झालें, नाच झाला, दिवे लागले. मॅगी स्मिथ २०२४ सालीं निवर्तल्या हें ठाऊक असल्यानें म्युरिएलचा शेवटचा भाग आम्हांस फार जड गेला.

मंडळी निजावयास गेल्यावर कुटुंबानें पांघरूण झटकतां झटकतां म्हटलें, "अहो, त्या साहेबाच्या कानांत परका पोरगा सांगत होता. तुमची नात तर घरचीच आहे." म्हणजे चतुर्थीचा खोकला त्या बाजूस केव्हांच कळलेला होता. आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं विद्यार्थ्यास पत्र गेलें. शनिवारीं रात्रीं नातीनें विचारलें, "आजोबा, सकाळीं सहाला उठवूं ना?" आम्हीं साडेचारला उठविण्यास सांगितलें, पहिला पाठ दोनदां वाचून पाहावयाचा होता.