आधी वाट, मग वाद्य

डेन्मार्कमधील रोस्किल्ड संगीत महोत्सवात ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’ या रॉक बँडचे गाणे सुरू असताना मुख्य मंचापुढे नऊ तरुण चेंगरून दगावले. पावसाने जमीन निसरडी झाली होती. पुढची माणसे पडली आहेत हे मागच्यांना कळतच नव्हते. ते रेटत राहिले. पुढे आयोजकांनी मंचासमोरची जागा कठड्यांनी विभागली आणि आत किती जणांना सोडायचे याला मर्यादा घातली.

महोत्सवाची आखणी इथूनच सुरू व्हावी. दोन मोठ्या मंचांवरचे कार्यक्रम एकाच वेळी संपू नयेत. बारसमोरची रांग बाहेर पडण्याच्या वाटेत येऊ नये. बिअर जितक्या सहज मिळते, तितक्याच सहज पाणी मिळावे, तेही फुकट. रुग्णवाहिकेचा रस्ता अखेरपर्यंत मोकळा राहावा. आणि गाणे थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे दारे उघडण्याआधीच ठरलेले असावे.

पुणे, मुंबई, गोवा येथेही असे सोहळे भरतात. परवानगी देणाऱ्यांनी कलाकारांच्या नावांआधी मैदानाचा नकाशा मागावा. गाणे ऐकायला गेलेले लेकरू सुखरूप घरी परतले पाहिजे. बाकी सारे त्यानंतर.