अंगावर काढू नका

आपल्याकडच्या बायकांचा एक जुना गुण आहे. तो गुण म्हणावा की दोष, हे वाचकांनीच ठरवावे. दुखणे आले की त्या ते ‘अंगावर काढतात’. आधी सासऱ्यांचे औषध, मग मुलांची फी, मग तुरीची काढणी आणि उरलाच वेळ तर स्वतःचा डॉक्टर. ताप-खोकला असा निभावतो, कॅन्सर निभावत नाही.

त्यातही पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. कन्नडमध्ये ‘गर्भकंठ’ म्हणतात तोच हा भाग. हा रोग एका रात्रीत येत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर पुढे काही वर्षांनी तिथल्या पेशी बिघडतात. म्हणजे रोग आपल्याला वेळ देतो. तो वेळ वापरायचा की नाही, एवढाच प्रश्न.

हा वेळ वापरता येतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्याच मातीत मिळाला आहे. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठे काम केले. खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली, तिथे आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जिथे अशी खास तपासणी झाली नाही, तिथे ६४. एक तपासणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे! त्या बायका काही शहरी नव्हत्या. तुमच्याआमच्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या.

आता पैशाचे बघू. २०१० मध्ये कर्नाटक सरकारने वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली, ती पहिल्यांदा आपल्या गुलबर्गा विभागातच. कॅन्सरसारख्या मोठ्या आजारांचा खर्च गरीब कुटुंबांवर पडू नये, हा तिचा हेतू. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की योजनेतल्या गरीब घरांत त्या आजारांचे मृत्यू योजनेबाहेरच्या तशाच घरांपेक्षा बरेच कमी होते. पैसा आडवा आला नाही की माणूस वाचतो, हे त्यातून कळते. २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. खासगी रुग्णालयात जायचे, तर तातडीचा प्रसंग सोडून आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते, हे ध्यानात असू द्या.

पण मैत्रिणींनो, कार्ड कामाला येते ते रोग सापडल्यावर. रोग शोधायला कार्ड उठून येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या किती होत्या? १.९ टक्के. शंभरात दोनदेखील नाहीत! सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सांगितली आहे. सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून केलेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीला काही मिनिटे पुरतात. ना भूल, ना टाका. अडते कुठे? लाजेत, आणि ‘मला काय झालंय?’ या एका वाक्यात. तपासणारी बाई असेल का, ही धास्ती वेगळीच. ती मात्र सरकारनेच दूर करायची.

सीमेवरच्या घरांची अडचण आणखी निराळी. माहेर उदगीर-देगलूरकडे, सासर कमलनगर-औरादला. दुखणे निघाले की बाई आईकडे जाते आणि कार्ड इकडेच राहते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. दोन सरकारांचा वाद आपल्या हातात नाही. गाठ वाद मिटेपर्यंत थांबत नाही, एवढे खरे. म्हणून सुनेचे नाव पडितर चीटीवर चढले आहे का, ते आजच बघा. बाहेरगावी उपचार घ्यायचे, तर आपले कार्ड त्या रुग्णालयात चालते का, हे आधी विचारा. शेकाच्या उपचाराला पाच-सहा आठवडे जावे लागते. गाडीभाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांची सोय घरच्यांनी आधीच धरावी.

पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, स्तनात न दुखणारी गाठ. यातले काहीही दिसले तर दर पाच वर्षांची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा.

पंचमीला लेकी माहेरी येतात. झोका बांधाल, लाडू-लाह्या कराल. त्यातली एक सकाळ काढून सासू, सून आणि लेक, तिशीच्या पुढच्या सगळ्याजणी मिळून दवाखान्यात जाऊन या. एकटीला लाज वाटते, तिघींना वाटत नाही.