कारखाना आला, विद्या कोणाची?

चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरी आहे. तमिळनाडू सरकारच्या ‘सिपकॉट’ महामंडळाने जमीन आणि पायाभूत सोयी पुरवल्या म्हणून तिथे माहिती तंत्रज्ञानाचे विस्तीर्ण संकुल उभे राहिले. त्याच परिसरात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटही आहे. त्याच महानगराच्या पश्चिम अंगाला, श्रीपेरुंबुदूरजवळच्या पिल्लैपाक्कमला, जानेवारी २०२४ मध्ये ‘फर्स्ट सोलर’ या अमेरिकी कंपनीचा ३.३ गिगावॅट क्षमतेचा कारखाना सुरू झाला. देशात पातळ थरांचे सौरपट आता प्रचंड प्रमाणावर बनू लागले, याचा आनंद रास्तच आहे. पण ‘आपण तंत्रज्ञान मिळवले’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

सिलिकॉनच्या चकतीची जाडी साधारण दीडशे मायक्रॉन असते. कॅडमियम टेल्युराइड प्रकाश इतक्या जोमाने शोषते की दोन-तीन मायक्रॉनचा थर पुरतो, आणि तो थेट काचेवर चढवता येतो. सारे कौशल्य त्या चढवण्यात आहे: तापमान, वेग, कॅडमियम क्लोराइडची प्रक्रिया, सीमेवरचे दोष. ही विद्या शोधनिबंधात पूर्णपणे उतरत नाही. ती वर्षानुवर्षे यंत्र चालवणाऱ्या हातांत साठते. आपल्या भूमीवर कारखाना आहे. त्या विद्येचे मूळ मात्र ओहायोत आहे.

ओहायोत ती बाजाराच्या कृपेने आपोआप उगवली नाही. या कंपनीची पूर्वज ‘सोलर सेल्स इन्कॉर्पोरेटेड’ १९९० मध्ये टोलेडोत स्थापन झाली. तिच्या पाठीशी खासगी भांडवल होते. पण त्याचबरोबर टोलेडोचे विद्यापीठ होते, अमेरिकेची राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळा होती आणि पातळ थरांच्या संशोधनासाठी उद्योग व विद्यापीठांना एकत्र बांधणारा सरकारी कार्यक्रम होता. विकण्याजोगा माल हाती यायला दशकाहून अधिक काळ लागला. तोवर कोणी ‘परतावा कुठे आहे?’ म्हणून दार बंद केले नाही.

भारतात प्रतिभेची वाण नव्हती. दिल्लीच्या आयआयटीतील के. एल. चोप्रा यांनी सुहास दास यांच्यासह १९८३ मध्ये पातळ थरांच्या सौरघटांवर लिहिलेला ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणी आणि रासायनिक द्रावणातून थर चढवण्याच्या स्वस्त पद्धतींवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. नव्वदच्या दशकात ‘भेल’ने गुडगावजवळ अस्फटिकी सिलिकॉनचा प्रायोगिक प्रकल्पही चालवला. कड्या होत्या, साखळी जोडली गेली नाही.

उलट २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने पहिल्या टप्प्यात देशी मालाची अट फक्त स्फटिकी सिलिकॉनला लावली आणि पातळ थरांना मोकळे सोडले. विकासकांनी अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेचे स्वस्त कर्ज घेतले आणि आयात केलेले पातळ थरांचे सौरपट बसवले. ज्या विषयात विद्यापीठे तयारीत होती, तिथेच सरकारने स्वतःच्या हाताने बाजार परक्यांना दिला. उरलेल्या अटीही २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत टिकल्या नाहीत.

आक्षेप ठरलेला आहे: चिनी सिलिकॉन इतके स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर भौतिकशास्त्रच देते. एकेरी सिलिकॉन घटाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९ टक्के आहे. ती ओलांडायची तर त्यावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर बसवावा लागतो. म्हणजे उद्याच्या सिलिकॉनलाही पातळ थरांची विद्या लागणारच. टेल्युरियम दुर्मीळ आहे. म्हणून तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांच्या संयुगाचा शोध महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून केंद्रीय मंत्रालयाच्या निधीवर चालणारे राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्र याच दिशेने पेरोव्स्काइट-सिलिकॉन घटांवर काम करते. एवढ्या मोठ्या देशाला अशी मोजकी केंद्रे पुरणार नाहीत.

उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत सौरपटांसाठी २४,००० कोटी रुपये आहेत; पण तो पैसा तयार मालाला मिळतो. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधीही प्रामुख्याने खासगी क्षेत्राला, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाच्या किंवा भांडवलाच्या रूपाने मिळणार आहे. नखाएवढ्या घटावर यश मिळवलेल्या विद्यापीठाने हातभर काचेवर तोच थर चढवायचा तर कर्ज कोणाच्या नावावर काढायचे? पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या?

मागणी अवास्तव नाही. सर्व विद्यापीठांना खुल्या असलेल्या दोन-तीन सामायिक प्रायोगिक उत्पादनरेषा हव्यात. त्यांना किमान दहा वर्षांचा निश्चित निधी हवा. सरकारी प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर स्थानिक संशोधक घडवण्याची अट हवी. आणि पाठ्यवृत्ती वेळेवर हवी.

सिपकॉटने सिरुसेरीत गिऱ्हाईक येण्याआधी रस्ते बांधले. प्रयोगशाळेपासून कारखान्यापर्यंतचा रस्ताही तसाच आधी बांधावा लागतो, आणि तो सरकारशिवाय कोणीही बांधणार नाही.