फ्रायडेचे खरे नाव काय?



ज्यांच्या घरी नऊ-दहा ते चौदा वर्षांची मुले आहेत त्या आईवडिलांनी येत्या सुट्टीत एक काम करावे. निर्मनुष्य बेटावरच्या साहसाचे एखादे पुस्तक आणावे आणि रात्रीच्या जेवणानंतर रोज चार पाने मोठ्याने वाचावीत. वडिलांना वाचता येत नसेल तर सातवीतल्या मुलीने वाचावे व सर्वांनी ऐकावे. आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेला गोदामाई आहे, तीही उन्हाळ्यात बहुतेक वाळूच दाखवते. तरी बेटाची गोष्ट सुरू झाली की मूल जागचे हलत नाही, हा आमच्या विहारातील रविवारच्या वाचनवर्गाचा अनुभव आहे. जहाज फुटते, मोठी माणसे नाहीशी होतात. पाणी कुठे, निवारा कशाचा, रात्री झाडीत वाजले ते काय, हे सारे मुलाने स्वतः शोधायचे असते. शाळेत त्याचे डोके इतके कोणी वापरू देत नाही!

मराठी मुलांना साहसकथांची गोडी लावण्यात भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) वाटा मोठा. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत गोष्टी त्यांनी मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, तोही त्यांचाच. आमच्या वर्गातील पोरे अजून 'ट्टॉक' करीत हिंडतात. पण बेटाच्या सर्व गोष्टींची आजी म्हणजे 'रॉबिन्सन क्रूसो'. डॅनियल डीफो या इंग्रज लेखकाची ही कादंबरी १७१९ साली निघाली. जहाज फुटून एकटा क्रूसो बेटावर अठ्ठावीस वर्षे काढतो. खांबावर खाचा पाडून दिवस मोजतो, बकऱ्या पाळतो, मडकी भाजतो. आपल्या स्थितीतील वाईट आणि चांगले तो नावे-जमेसारखे मांडतो, ते वाचून माझ्यासारख्या बी. कॉम. कारकुनाला मोठा आनंद झाला.

मुलांसाठी काढलेल्या लहान आवृत्त्यांत काही पाने गळतात. ती पालकांनी भरून काढावीत. क्रूसो स्वतः मोरोक्कोत गुलाम होता. तेथून झूरी नावाच्या मुलाला बरोबर घेऊन तो होडीतून पळतो. झूरी त्याला जिवाची साथ देतो. पुढे पोर्तुगीज जहाज भेटते, आणि क्रूसो त्याच मुलाला साठ नाण्यांना कप्तानाला विकतो. दहा वर्षांनी सोडीन, तेही ख्रिस्ती झालास तर, अशी कप्तानाची अट. नंतर क्रूसो हळहळतो, पण ती ब्राझीलमधल्या शेतावर राबायला हात कमी पडतात म्हणून! आणि त्याचे जे जहाज फुटले ते आफ्रिकेतून गुलाम आणायलाच निघाले होते. नावे-जमेच्या त्या यादीत झूरी कुठेच दिसत नाही.

रहस्याचा खरा प्रसंग आहे तो पाऊलखुणेचा. अनेक वर्षे एकट्याने काढल्यावर एके दिवशी क्रूसोला वाळूत अनवाणी माणसाचे एकच पाऊल उमटलेले दिसते. एकच! दुसरे कुठे गेले? तो घाबरून घरात शिरतो, रात्रभर झोपत नाही, कुंपणाबाहेर आणखी कुंपण घालतो. हे वाचताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी तेथे थांबलो आणि मुलांना सांगितले की पाऊल उमटल्याचे भय आपल्याकडेही होते, फक्त उलट्या बाजूने. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, मागे उमटलेले पाऊल पुसण्यासाठी. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवले आहे. त्या दिवशी पुढची पाने वाचून झाली नाहीत.

पुढच्या रविवारी फ्रायडे आला. क्रूसो त्याचा जीव वाचवतो. तो वार शुक्रवार, म्हणून नाव फ्रायडे. मला 'मालक' म्हण, हे त्याला पहिल्या काही शब्दांतच शिकवतो. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, त्याच्या आईनं त्याचं नाव काय ठेवलं होतं?" पुस्तकात ते नाही. पुढे फ्रायडेचा बाप भेटतो, बापलेक गळ्यात पडतात, तरी बापाच्या तोंडूनही मुलाचे नाव निघत नाही. लेखकाला त्याची गरजच वाटली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कचरू, धोंड्या, दगडू ही नावे का होती? नजर लागू नये म्हणून, असे सांगतात. असेलही. पण शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे, आणि तीच पोथी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्या मुलीचे नाव यशोधरा आहे.

आता खरी घडलेली गोष्ट. क्रूसोची कथा अलेक्झांडर सेलकर्क या स्कॉटिश खलाशावरून सुचली असे मानतात. चिलीजवळच्या बेटावर तो १७०४ ते १७०९ एकटा राहिला. त्या बेटाला १९६६ पासून रॉबिन्सन क्रूसोचे नाव आहे. परंतु त्याच बेटावर त्याच्या आधी, १६८१ ते १६८४, दुसरा एक माणूस एकटा राहून गेला होता. तो मध्य अमेरिकेतील मिस्किटो जमातीचा. इंग्रज त्याला विल म्हणत, म्हणजे नाव पुन्हा दुसऱ्याचेच. तो रानात बकऱ्यांच्या शिकारीला गेला असता स्पॅनिश जहाजे दिसली आणि त्याचे साथीदार त्याला टाकून पळाले. जवळ एक बंदूक, एक सुरी, थोडी दारू. ती संपल्यावर त्याने सुरीला दाते पाडून तिची करवत केली, बंदुकीची नळी कापली, तुकडे विस्तवात तापवून दगडाने ठोकले आणि त्यांचे भाले, गळ व लांब चाकू बनवले. स्पॅनिशांनी शोधूनही तो सापडला नाही. तीन वर्षांनी इंग्रज जहाज दिसताच त्याने तीन बकऱ्या मारून पाहुण्यांसाठी स्वयंपाक करून ठेवला! किनाऱ्यावर प्रथम उडी टाकली ती त्याच्याच जमातीच्या रॉबिनने. विल्यम डॅम्पियर त्या वेळी हजर होता. त्याने हे १६९७ साली छापले.

मुले बेटावर सापडली तर एकमेकांच्या जिवावर उठतील, असे विल्यम गोल्डिंगने १९५४ साली कादंबरीत रंगवले. खरे काय झाले? १९६५ साली टोंगा देशातील सहा शाळकरी मुले होडी घेऊन पळाली, वादळात भरकटली आणि आटा बेटावर लागली. पंधरा महिने राहिली. दोघा-दोघांच्या पाळ्या लावल्या, विस्तव विझू दिला नाही, एकाचा पाय मोडला तो काटक्या बांधून नीट बसवला. भांडण झाले की दोघांनी थोडा वेळ लांब जाऊन बसायचे, असा नियम होता. आणि ते बेट 'निर्मनुष्य' का होते? १८६३ साली गुलाम पकडणाऱ्या जहाजाने तेथून शंभरावर माणसे पळवली, म्हणून राजाने उरलेल्यांना दुसऱ्या बेटावर हलवले. मुलांना जगवले ते त्याच माणसांच्या मागे राहिलेल्या केळींनी आणि कोंबड्यांनी.

आमच्या वर्गात दिवाळीनंतर निम्मी मुले नसतात. मुकादमाची उचल घेतलेल्या आईबापांबरोबर ती ऊसतोडीला जातात. पाचटाची कोपी कशी उभी करायची, तीन दगडांची चूल वाऱ्याकडे कोणत्या तोंडाने मांडायची, धाकट्या भावाला उसाच्या फडात कसे सांभाळायचे, हे त्यांना येते. क्रूसोचे घर बांधण्याचे प्रकरण वाचले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "याला एवढे दिवस कशाला लागले?"

विलची गोष्ट आपण तोंडीच सांगावी, दोन रात्री पुरतात. चाकूचा प्रसंग आला की मुलाच्या हातात एखादा जुना खिळा द्यावा आणि त्याला तो अंगणातल्या दगडावर घासून धार आणायला सांगावे. किती वेळ लागला ते त्याने वहीत लिहावे.