विरजण जिवंत असेल तरच दही लागते

मिरचीच्या पिकाचे निम्मे भवितव्य गादीवाफ्यावरच ठरते. उगवलेली रोपे जमिनीलगत कुजून आडवी पडली, म्हणजे महाग बियाणे वाया जाते; शिवाय लावणीची वेळ टळते आणि ती पैसा खर्चून परत मिळत नाही. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या जमिनीतील बुरशी या नुकसानीस कारण होतात. त्यांना आवर घालणारी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आणि स्यूडोमोनास हे जिवाणू आज बाजारात सहज मिळतात. तरीही “वापरून पाहिले, पण गुण आला नाही,” अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. हा दोष बहुधा सूक्ष्मजीवांचा नसून त्यांना हाताळण्याच्या रीतीचा असतो.

ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालून त्यांवर उपजीविका करते, हे रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने 1932 साली दाखवून दिले. स्यूडोमोनास जिवाणू मुळांभोवती वस्ती करतात आणि तेथील लोह स्वतःकडे ओढून घेऊन रोगजंतूंची उपासमार करतात. मुळे निरोगी राहिली म्हणजे रोप अन्नपाणी नीट घेते व जोमाने वाढते. परंतु ही सर्व कामे जिवंत सूक्ष्मजीवच करू शकतात. उन्हात तापलेले विरजण कितीही घातले तरी दही लागत नाही; तीच गोष्ट येथे आहे. पत्र्याच्या छपराखाली पडून राहिलेली किंवा मुदत उलटलेली पुडी म्हणजे केवळ शंखजिऱ्याची भुकटी होय.

म्हणून पुडी घेतानाच तिच्यावरील मुदत पाहावी आणि ती सावलीत, थंड जागी ठेवावी. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून बी सावलीत सुकवावे. बियाण्यास रासायनिक औषध लावावयाचे असल्यास ते आधी लावावे व सूक्ष्मजीव शेवटी. जमिनीत देण्यासाठी ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून काही दिवस सावलीत झाकून ठेवावी, म्हणजे तिची वाढ होते. हे खत सायंकाळी, वाफ्यात ओल असताना द्यावे. कार्बेन्डाझिम किंवा ताम्रयुक्त औषध त्याच पाण्यात कालवणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटण्यासारखे आहे.

मात्र या उपायाची थोरवी सांगताना अतिशयोक्ती होऊ नये. पाणी साचणाऱ्या सपाट वाफ्यात आणि दाट पेरणीत कोणतीही पुडी रोपांना वाचवू शकणार नाही; उंच गादी, विरळ पेरणी व पाण्याचा निचरा यांना पर्याय नाही. पाने वळून आकसणारा बोकड्या हा विषाणूमुळे तसेच फुलकिडे व कोळी यांच्यामुळे उद्भवतो. त्यावर ट्रायकोडर्माचा इलाज चालत नाही. कोलमडलेले रोपही तिने उभे राहत नाही. हे रोग येण्यापूर्वीचे संरक्षण आहे, रोगानंतरचे औषध नव्हे.

येथेच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची जबाबदारी सुरू होते. किती पुड्या वाटल्या, यावर कामाचे मोजमाप करणे सोपे असते. पण रीत न समजावता वाटलेली पुडी अपकारच करते, कारण एकदा फसलेला शेतकरी पुढच्या वर्षी चांगल्या पुडीवरही विश्वास ठेवीत नाही. त्याऐवजी गावातील एकाच शेतात दोन गादीवाफे शेजारी-शेजारी करावेत. बी, खत, पाणी सारखे ठेवावे. एका वाफ्यास सूक्ष्मजीव द्यावेत व दुसऱ्यास देऊ नयेत. लावणीच्या वेळी दोन्हींतील रोपे शेतकऱ्यांसमक्ष मोजावीत आणि मुळे धुऊन पाहावीत. फरक दिसला तर तो सर्वांना सांगावा. न दिसला तर तेही न लपविता कारण शोधावे. शेतकऱ्याचा विश्वास भाषणाने मिळत नाही. आपल्या डोळ्यांनी मोजलेल्या रोपांनी मिळतो.