नकाराला कारण द्यावेच लागेल

नवी दिल्ली रेल्वे स्थानकातून पश्चिमेकडे बाहेर पडले की पहाडगंज लागते. येथे बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. आणि सरकार दरबारी काम घेऊन आलेल्या सामान्य माणसाला परवडेल असा निवाराही येथेच मिळतो. त्याच्या पिशवीत अनेकदा एक फेटाळलेला अर्ज असतो: मुलाला वा मुलीला एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात बदली मिळावी म्हणून केलेला. उत्तर एका ओळीचे असते: ‘नियमात तरतूद नाही.’ हा नियम कोणासाठी केला गेला, हा खरा प्रश्न आहे.

वैद्यकीय शिक्षणाचे उदाहरण पाहा. 1997 च्या नियमांनुसार सबळ कारण असल्यास, महाविद्यालयाच्या प्रवेशक्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत बदली देता येत असे. 2023 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे दार सरसकट बंद केले. सवलतीचा गैरवापर होतो, हे त्याचे समर्थन! राजस्थानातील बाडमेर येथे प्रवेश मिळालेल्या एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याने तेथील हवामान डोळ्यांना अपायकारक ठरत असल्याने दिल्लीत बदली मागितली. अर्ज फेटाळला गेला. त्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 2025 साली न्यायालयाने ही सरसकट बंदीच रद्दबातल ठरवली. गैरवापराची भीती हे खऱ्या गरजवंताला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही आणि अशी बंदी राज्यघटनेच्या 14 व्या कलमातील समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा या निकालाचा आशय आहे.

बदली दिल्यास प्रवेश परीक्षेतील गुणवत्तेला धक्का बसेल, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर न्याय्य दिसतो. परंतु अभ्यासक्रम सोडून गेलेल्यांच्या जागा दुसऱ्या वर्षी रिकाम्या राहतात. त्या जाहीर निकषांवर भरल्याने कोणाच्या गुणवत्तेवर अन्याय होतो? उलट ज्याच्या गाठीशी पैसा आहे, तो खासगी विद्यापीठात नव्याने प्रवेश विकत घेतो. बंदीची झळ बसते ती कामगाराच्या, कारकुनाच्या, आजारी वा अपंग विद्यार्थ्याच्या घराला.

बदलीची गरज शासनाला कळत नाही, असेही नाही. आपल्या बदलीपात्र नोकरांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून 1963 पासून केंद्रीय विद्यालये चालवली जातात. मग बारावी संपताच ही गरज संपते काय? 2021 साली श्रेयांकांची पेढी स्थापन झाली. कागदावर श्रेयांक एका संस्थेतून दुसरीत जाऊ शकतात. विद्यार्थी मात्र दारातच अडतो!

अपिलाची कहाणीही अशीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्या निर्णयाविरुद्ध 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करता आले पाहिजे. प्रत्यक्षात जून 2024 मध्ये खुद्द आयोगानेच लोकपाल न नेमणाऱ्या 157 विद्यापीठांची यादी जाहीर केली. त्यांपैकी 108 राज्य विद्यापीठे होती. विद्यार्थ्याचा अर्ज एक दिवस उशिरा आला तर तो बाद होतो. विद्यापीठ वर्षभर कायदा पाळत नाही, तेव्हा त्याचे नाव फक्त यादीत झळकते!

म्हणून फेटाळलेला अर्ज हे नशीब मानून घडी करून ठेवू नये. प्रशासकीय निर्णयाला कारणे दिली गेली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1990 सालीच सांगितले आहे. नकार लेखी व सकारण मागावा. तो मिळाला नाही तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांत फाइलमधील टिपणे मागावीत. समितीकडे तक्रार करावी आणि अपिलाची मुदत चुकवू नये.

परंतु प्रत्येकाने एकट्याने न्यायालय गाठावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. वकिलाचा खर्च आणि वाया जाणारे वर्ष किती घरांना परवडेल? विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांच्या संघटनांनी तीन मागण्या एकमुखाने केल्या पाहिजेत: रिकाम्या जागा जाहीर करा, बदलीचे निकष लिहून काढा, लोकपाल नेमा. एका विद्यार्थ्याने न्यायालयात जे मिळवले, ते सर्वांचा हक्क म्हणून मिळवणे हे आता संघटित शक्तीचे काम आहे.