आधी त्यांच्या बंदुका जमा करा

वस्तीवर हल्ला झाला की तरुण आम्हाला विचारतात, “वकीलसाहेब, रायफल घेतली तर गोळी कोणती?” स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. पण .३१५ रायफलची गोळी पत्र्याच्या भिंतीला थांबत नाही. पलीकडे आपलीच लेकरे झोपलेली असतात. त्यापेक्षा बारा बोअरचे बारीक छऱ्याचे काडतूस बरे, धोका मात्र त्यातही आहेच. म्हणून गोळीआधी कायदा वाचा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण भागात गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींना शस्त्रपरवाना देता येतो. त्याच नियमात इतरांचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करण्याचीही तरतूद आहे. बांधवांनो, अर्ज आधी त्यासाठी करा. त्यांच्या भिंतीवरची बंदूक उतरली, तर आपल्या भिंतीवर टांगावी लागणार नाही.